अर्ध्या तोंडावरचा फेस

…नाही तर काय! साबणात साबण मिसळायचा, वरून त्यात क्रीम पिळायचं, ब्रश गरागरा फिरवायचा आणि वर मलाच विचारायचं, "सुंदराबाई, फेस दाट येतो, यात बिघडलं कुठं?" अरे मेल्यांनो, दाट येतो हेच तर बिघडलं! फेस कसा असावा? आला, लावला, खरवडला, मोरीत गेला! तो राहिला म्हणजे… जाऊ दे, सकाळच्या पारी नको तो विषय. नको म्हणते खरी, पण सांगितल्याशिवाय तुम्ही ऐकणार आहात थोडेच?

मला सांगा, दाढीची वडी म्हणजे काय धुण्याची वडी आहे, की ह्याचा सदरा, तिचं लुगडं, घासा सगळं एकातच? माणूस वडीवर ब्रश घोळतो, ब्रश तोंडावर घोळतो, परत तोच ब्रश वडीवर. म्हणजे रोजच्या रोज आपलं तोंड चिमूट चिमूट त्या वाटीत उतरवून ठेवतो की नाही? आणि तुम्ही दोघादोघांच्या वाट्या एक करायला निघालात! मी शाळेची पायरी चढले नाही, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, त्यामुळे कुणी माझ्या डोक्यात भुसा भरलेला नाही. बघितलं तेवढंच बोलते. साबण ज्याचा त्याला बरा!

खोटं वाटत असेल तर दुर्गेला विचारा. दुर्गा म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीतली, दुसऱ्या मजल्यावरची, गिरणीत साचेखात्यात माग चालवणाऱ्या धोंडूची बायको. बाई कशी, तर भाकरी थापताना जिचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू यावा अशी. पण नवऱ्याच्या तोंडावर जीव. धोंडूचं तोंड म्हणजे काय मोठं देखणं होतं अशातला भाग नाही. उजव्या कानाशी मागाचा धोटा उडून लागलेला, त्याचा व्रण होता, हनुवटी जरा आत गेलेली. पण दुर्गा म्हणायची, "दिवसभर त्या गिरणीच्या भोंग्याला मान द्यायची, संध्याकाळी हे तोंड दिसलं की बरं वाटतं." आता बोला!

आणि भिंतीला भिंत लागून पलीकडे भिवा आणि शेवंती. भिवा मालवणकडचा. बारीक काडी, पण दिवसभर शीळ घालत हिंडणारा. धोंडू पडला चिपळूणचा. त्याला मालवणी समजे, बोलता मात्र यायची नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागेल. दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीला, आणि रविवारी सकाळी एकाच आरशासमोर! गॅलरीत खिळ्याला आरसा, खाली दोन पाट, मध्ये धोंडूची पितळी वाटी. धोंडूकडे साबणाची वडी, आणि भिवाकडे, बिड्या सोडून घेतलेली, क्रीमची ट्यूब. ती ट्यूब तो अशी पिळायचा जसा काही वैद्य मात्रा देतोय.

"धोंड्या, तुझी वडी म्हंजे दगड, आणि माझा क्रीम म्हंजे शेंबूड. दोगांका एकत्र घाल, मगे बघ मजा!"

मग वडीवर कढत पाणी. ते ओतून टाकायचं नाही, मुरू द्यायचं. मग करंगळीच्या पेराएवढं क्रीम. मग ब्रश, तोही गोल गोल नाही, आठाच्या आकड्यासारखा. आणि घाई नाही, बरं का! शीळ घालत घालत, मन लावून… आणि असा फेस यायचा, असा फेस यायचा, की भिवा ती वाटी डोक्यावर उलटी धरायचा आणि थेंब पडायचा नाही! आम्ही बायका नळावरचे हंडे सोडून बघत राहायचो. आमच्या घरचे मेले चिडायचे. "आमच्या साबणाला फेस येत नाही का?" येतो हो, पण तो धुण्याचा वाटतो.

तर हे असं दोन वर्षं. आणि मग दुर्गेला एकेक दिसायला लागलं. धोंडूनं जन्मात कधी शीळ घातली नव्हती, तो एक दिवस भिवाची शीळ घालत जिना चढला. बरं, मित्राची शीळ मित्र उचलतो, सोडा. पण दुर्गेच्या सारात तिखट जास्त पडलं की धोंडू मुकाट्यानं जेवायचा आणि ठसका लागायचा भिंतीपलीकडे भिवाला! शेवंती ओरडायची, "दुर्गाक्का, आज काय घातलंस गो? हे पाणी पिऊन पिऊन फुगले!" आम्ही हसलो. दुर्गाही हसली. हसली बाई, हसली… मी तेव्हाच म्हटलं होतं, साबण ज्याचा त्याला बरा.

मग उगवला तो छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून जाहीर झालं आणि आमचं गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. पुरुष माणसं सकाळची घरी. आणि घरी बसून पुरुष करणार काय? दाढ्या! भिवा पाटावर बसलेला, उजवा गाल साफ झालेला, डाव्या गालावर हा असा फेस. धोंडू आपली पाळी यायची वाट बघत बाजूला. शेवंती कढत पाणी घेऊन उभी.

आणि नाक्यावर आवाज झाला. फटाका म्हणावा तर दिवाळी नाही.

भिवा उठला. खांद्यावर पंचा, हातातला ब्रश शेवंतीच्या हातात कोंबला आणि म्हणाला, "फेस सुकाक दिव नको, ह्यो इलंय बघ!" म्हणजे, सुकू देऊ नको, हा आलोच. आणि तसाच, अर्ध्या तोंडावर फेस घेऊन, जिना उतरला. धोंडू त्याच्या मागे. मी कठड्यावरून बघत होते. गर्दीत तो पांढरा गाल लांबपर्यंत दिसत होता हो… मग वळणावर गेला.

संध्याकाळी धोंडू परत आला. एकटा. हातात भिवाचा पंचा, पंच्यावर सुकलेला फेस.

"गर्दीत हात सुटला," एवढंच म्हणाला. इस्पितळं झाली, कोठड्या झाल्या, जिथं बायामाणसांनी जाऊ नये तिथेही शेवंती जाऊन आली. भिवा नाही. जिवंत नाही आणि… दुसराही नाही. मग रडायचं तरी कुणासाठी? शेवंती घरी आली, कुंकू होतं तसं ठेवलं, आणि ब्रश पाण्यात बुडवला.

रोज, तुम्हाला सांगते, रोज! सकाळी उठायचं, पाणी कढवायचं, धोंडूची ती मिसळलेली वाटी घ्यायची, ती तिच्याकडेच राहिली होती, आणि ब्रश ओला करून ठेवायचा. "सुकाक दिव नको म्हणून सांगून गेलेत." काय बोलणार तुम्ही तिला? भिंतीपलीकडे दुर्गा पडल्या पडल्या ऐकायची. सुळ्ळ, सुळ्ळ… आठाच्या आकड्यासारखा. पाटावर कुणी नसताना.

इकडे धोंडूनं काय करावं? चाळीच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "मुंबई मिळेपर्यंत तोंडाला पातं लावणार नाही!" झालं! टाळ्या, हार, घोषणा, झालाच पाहिजे, झालाच पाहिजे! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एका दुर्गेनं नाही. कारण तिला ठाऊक होतं, त्या संध्याकाळी घरात आल्या आल्या त्यानं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. दाढी काय मुंबईसाठी होती? मुंबईसाठी असेल, नाही म्हणत नाही. पण आरसा?

दाढी वाढली. हनुवटी गेली, व्रण गेला, ओठ गेले. खात्यातला मुकादम, तो जॉबर, ओरडायचा, "ए साधू, ती दाढी साच्यात जाईल, धोतरात खोच!" रस्त्यानं म्हाताऱ्या पाया पडायच्या. मधल्या वर्षी नलू झाली; पोरीला वाटायचं, बाप म्हणजे दोन डोळे आणि खाली केस. आणि दुर्गा? लोक नकाशा मागत होते, दुर्गा नवऱ्याचं तोंड मागत होती. प्रत्येक मोर्चाला पुढे! लाठी खाल्ली दंडावर, मागे सरली नाही. बायका म्हणायच्या, काय देशभक्ती! दुर्गा मला म्हणाली, "सुंदराबाई, तुम्हांला म्हणून सांगते. रात्रपाळीहून येतात तेव्हा जिन्यात शीळ येते. भिवाभावजींची. दाढीच्या आतून येते. आता ती कुठल्या तोंडातून येते, ते मला दिसतंय कुठं?"

मी म्हटलं, "बाई, साबण—" ती म्हणाली, "कळलं, कळलं!"

शेवटी झाला हो महाराष्ट्र! साठ सालचा एक मे, वर रविवार. चाळीला तोरणं, दारात रांगोळ्या, पेढे वाटून हात चिकट. आणि सगळी चाळ दुसऱ्या मजल्यावर, धोंडूची दाढी बघायला. कठडा मोडतो की काय अशी गर्दी! दुर्गेनं स्वतः आरसा पुसला, खिळ्याला लावला, सरळ तोंडानं. पाट मांडला. नवी वाटी, नवी वडी, नवी ट्यूब आणून ठेवलेली. नवं लुगडं नेसली होती बाई, जसं काही दुसऱ्यांदा लग्न लागतंय.

आधी कात्री चालली. ढीगभर केस पडले, खाली खुंट उरले, नारळाच्या काथ्यासारखे. मग धोंडूनं वडीवर पाणी टाकलं, क्रीम पिळलं, ब्रश फिरवला. फेस नाही. परत पाणी, परत ब्रश. ताक झालं, फेस नाही!

"अहो, वडी जुनी असेल!"

"नवी आहे हो, आत्ता आणली!"

"माझ्या घरची घे," म्हणून मजल्यावरच्या गंगुबाईनं नवऱ्याची वडी आणली. कमलाबाईनं मुलाची. कुणी अंगाचा वासाचा साबण आणला, कुणी धुण्याचा तुकडा. एका महाभागानं तर वर खोबरेल सुचवलं! टाका, सगळं टाका! अख्ख्या मजल्याची तोंडं त्या वाटीत. धोंडू घामाघूम, ब्रश आठाच्या आकड्यात, आणि वाटीत काय, तर राखाडी पाणी! वरच्या मजल्यावरून एक ओरडला, "धोंडूभाऊ, महाराष्ट्राला चार वर्षं लागली, फेसाला किती?" हसले सगळे.

आणि शेवंतीचं दार उघडलं.

हातात ती जुनी पितळी वाटी. कपाळावर कुंकू. ब्रश ओला, टपटपतोय. हसणं असं थांबलं, जसं कुणी नळ बंद केला. गर्दी आपोआप बाजूला सरली. शेवंती धोंडूच्या समोर बसली. वाटीत तळाला काय उरलं होतं? कागदाएवढी पातळ पापडी! चार वर्षं रोज भिजलेली. त्यात तिनं कढत पाण्याचा हबका मारला, आणि ब्रश एकदा फिरवला, फक्त एकदा…

फेस आला. नुसता आला नाही हो, उठला! वाटी भरली, काठावर आला, तिच्या बोटांवर, मनगटावर, पाटावर. एवढ्याशा पापडीतून एवढा फेस कुठून आला, ते मला आजही कुणी सांगावं. पांढरा, दाट, थेंब न पडणारा. आणि त्याला वास नव्या साबणाचा नाही, जुन्या त्या रविवारचा. गंगुबाई माझा दंड धरून उभी होती. तिची नखं अजून आहेत माझ्या दंडात.

शेवंतीनं स्वतः लावला. दोन्ही गाल, हनुवटी, ओठसुद्धा. उरले दोन डोळे. धोंडूचे, असं आपण म्हणायचं.

त्यानं पातं उचललं. उजव्या कानापासून खाली… व्रण दिसला. दुर्गेनं श्वास सोडला, मला ऐकू आला. गाल निघाला, अर्धी हनुवटी निघाली, ती आत गेलेली. दुर्गेच्या डोळ्यांतून पाणी. बाई हसत होती, रडत होती, नलूला उचलून दाखवत होती, "हे बघ, हे बघ बाबा!" आणि धोंडूचा हात थांबला.

उजवा गाल साफ. डाव्यावर फेस. खांद्यावर पंचा, भिवाचाच तो, चार वर्षं जपलेला.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्यांनी त्या दिवशी कठड्यावरून बघितलं होतं, त्या सगळ्यांनी ओळखलं. खाली लेझीम चालू होती. आमच्या मजल्यावर मात्र असं वाटलं, की ती कुठल्या तरी दुसऱ्या गावात चालू आहे. आरशात बघावं तर साफ गाल डावा वाटावा, फेसाचा उजवा, नक्की कोण कुठल्या बाजूला ते कळेना. आणि हळूच शीळ आली. तीच. भिवाची.

शेवंती पुढे वाकली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज मी इतका बारीक ऐकला नव्हता.

"इलात?"

फेस हलला. ओठ हलले म्हणत नाही, ओठ दिसत कुठं होते? फेस हलला.

"पाणी निवला गो, शेवंते. आता ब्रश सुकाक घाल."

मालवणीत. धोंडू चिपळूणचा, हे सांगितलं ना मी तुम्हाला? दोन वर्षं भिवाशी बोलला तेही आपल्या मराठीतच. आणि ते "गो" कसं होतं, ते शेवंतीला विचारा. नाही, नका विचारू.

ती किंचाळेल असं आम्हाला वाटलं. गंगुबाईनं तर तोंडावर पदर घेतला. पण शेवंतीनं वाटीला हात लावून बघितला, खरंच निवली की काय म्हणून. आणि मान हलवली, जशी बाई बाजाराला निघालेल्या नवऱ्याला हलवते. "बरा," म्हणाली. ब्रश पदराला पुसला, केस नि केस कोरडा केला, आणि कठड्यावर उन्हात ठेवला. त्याच क्षणी, तुम्हाला सांगते, धोंडूच्या गालावरचा फेस बसला. दुधाखालचा जाळ काढल्यावर बसतो तसा. पाणी होऊन गळ्यावरून ओघळला, आणि खाली डाव्या गालाचे खुंट उरले.

धोंडू भानावर आल्यासारखा इकडेतिकडे बघतोय. "काय झालं? सगळे असे का उभे?"

"तुम्ही बोललात ना आत्ता?" दुर्गा म्हणाली.

"मी? माझ्या तोंडात फेस गेलेला, मी काय बोलणार?"

आता एवढ्यावर संपायला हवं होतं की नाही? शेवंती मोकळी झाली. त्या वर्षी पितृपक्षात तिनं भिवाच्या नावानं पहिल्यांदा पान ठेवलं. पान खाली टेकलं नाही तोच कावळा! आम्ही कावळ्याची तासन्‌तास वाट बघणारी माणसं. हा जसा काही कठड्यावर बसूनच होता. सुटला बिचारा. म्हणजे सगळं नीट झालं.

पण दुर्गेचं काय? त्या दिवशी ती म्हणाली, "हं, आता उरलेली करा. पाणी आणते." धोंडूनं पातं उचललं, आरशात बघितलं, आणि खाली ठेवलं. परत उचललं, परत ठेवलं. वरच्या मजल्यावरचे म्हणायला लागले, "काय रे, अर्धाच महाराष्ट्र?" तशी दुर्गा दात खाऊन म्हणाली, "करता की मी करू?"

धोंडू तिच्या कानाशी लागला. मी जवळ होते, मला ऐकू आलं. "दुर्गे, ही बाजू माझी नाही गं. मालकाला विचारल्याशिवाय कशी काढू?"

आणि मग वर मान करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "आणि बेळगाव? कारवार? निपाणी? ते कुठं आलं अजून? ते येईपर्यंत ही बाजू तशीच राहील!"

झालं! टाळ्या! हार! झालाच पाहिजे! तोच हार, तेच लोक, मी म्हणते तीच फुलं! धोंडूला खांद्यावर घेऊन नाचले मेले. अर्धा साफ, अर्धा काथ्या. आणि दुर्गा हातात तांब्या घेऊन उभी.

पितृपक्षानंतर ती म्हणाली त्याला, "अहो, आता मालक गेला, कावळा शिवला, आता तरी काढा!" तर म्हणतो कसा, "तो गेला गं, पण मी लोकांना शब्द दिलाय." म्हणजे बघा! भिवा सुटला, शेवंती सुटली, आणि हा अडकला. गिरणीत अर्धा साधू म्हणतात. नलू बापाच्या दाढीच्या बाजूला बसते, कारण तिला तोच बाप माहीत. दुर्गा दुसऱ्या बाजूला बसते, व्रणाकडे. जेवायला बसले की तो मध्ये, दोघी दोन बाजूंना. आणि तिखट जास्त पडलं की आता ठसका कुणाला लागतो विचाराल, तर कुणालाच नाही. भिंतीपलीकडे सगळं शांत. दुर्गा म्हणते, तेच जरा चुकल्यासारखं वाटतं.

परवा मी तिला म्हटलं, "बाई, तरी मी सांगत होते, साबण ज्याचा त्याला बरा." तिनं उसासा टाकला, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली,

"बरा तर बरा, सुंदराबाई. महाराष्ट्र मिळाला, नवरा अर्धा मिळाला. उरलेला बेळगावात आहे… तो आणायला कुठल्या मोर्चाला जाऊ, तेवढं सांगा."